विसाव्याचे दोन दिवस

पैनगंगेच्या काठाला लाल होडी लागली, तेव्हा सुमनबाई तुरीच्या कडेला उभी राहून डुकरं हाकलायला पत्र्याचा डबा बडवत होती. होडीतून तिघं उतरले. उंच पोरगी कोमल, चष्मेवाला धम्मानंद, आणि सगळ्यांत मागं वैजनाथ. तो वल्हं काठीसारखं टेकत चढ चढला. नदीच्या उगमापासून शेवटापर्यंत वल्हवत जायचं, असा त्यांचा बेत. चौदा दिवस झाले होते.

"आज्जी, दोन दिवस इथं थांबलो तर चालेल का?" कोमलनं विचारलं. "आमचे विसाव्याचे दिवस आहेत. कागदावरच ठरवलेत."

"विसावाबी कागदावर लिवावा लागतो व्हय?" सुमनबाई हसली. "ऱ्हावा की. आखाडा मोकळाच हाय."

मोकळाच होता. शेतातलं पत्र्याचं घर आणि त्याला लागून गोठा. बैल विकून सात वर्षं झाली होती. थोरला मुलगा हिंगोलीला राहायला गेला. सून-नातवंडं सणाला यायची, तीही परतीच्या जीपची वेळ विचारतच. सुमनबाई राखणीला इथंच. दिवसचे दिवस डुकरांना घातलेल्या शिव्यांपलीकडे तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

दिवेलागणीला तिनं चूल पेटवली. धम्मानंदनं चार भाकरी फस्त केल्या. "आज्जी, तुमच्या भाकरीनं आमची होडी बुडणार!"

"बुडली तर ऱ्हा इथंच. डुकरं हाकल."

वैजनाथची भाकरी मात्र दुधात तशीच भिजत पडली होती.

"काहून रे बाबा?"

"अंगात कणकण आहे आज्जी. पिंढऱ्या तर फुटतील असं वाटतंय." त्यानं वर पाहिलं. डोळे लालभडक होते.

तव्यावरची भाकरी करपली तरी सुमनबाईचा हात हलला नाही.

हे डोळे तिच्या ओळखीचे होते. अडतीस वर्षांपूर्वी, पूर ओसरल्यावर, तिचा धाकटा नरसिंग दोन दिवस चिखलात उभा राहून मोटारीचा पाइप उकरत होता. एकोणीस वर्षांचा. मग ताप आला, असेच डोळे झाले, पिंढऱ्या धरून कण्हायला लागला. "थकलंय पोरगं, झोपू द्या," असं तीच म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. नांदेडच्या रस्त्यावर जीपमध्येच तो गेला. पाण्यातला ताप, डॉक्टर म्हणाला होता. पहिल्या दिवशी आणला असता तर वाचला असता.

"थकलाय तो," कोमल म्हणाली. "झोपला की उतरेल."

आता बोलायला पाहिजे होतं. पोरी, ह्याला आत्ताच वारंगा फाट्याला न्या, तिथून नांदेड. एवढंच. जीपवाल्याचा नंबर फोनमध्ये होता. सुमनबाईनं तोंड उघडलंही.

"आज्जी, इथं पूर्वी नाव चालायची ना?" धम्मानंद पाय पसरत म्हणाला. "सांगा की त्या वेळचं."

किती वर्षांनी कुणी तिला काही विचारलं होतं! तिनं सांगितलं. नावेत बसून नवरी म्हणून आली ते, मागं पोहत येणारे बैल, पैलतीरावर वाजणारा डफ. बोलता बोलता चुलीची राख झाली. उन्हानंबी लाल होतेत डोळे, तिनं स्वतःला समजावलं. सकाळी बघू.

दुसरा दिवस सणासारखा गेला. धम्मानंदनं गळका पत्रा बसवला. कोमलनं सुमनबाईकडून डोक्याला तेल लावून घेतलं. वैजनाथ गोठ्यात झोपून होता. सुमनबाईनं त्याला तुळशीचा काढा दिला, कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेल्या तव्यासारखं.

"उतरंल," ती म्हणाली.

तिसऱ्या सकाळी वैजनाथ गोठ्यामागून भिंत धरत आला. "आज्जी, लघवी चहासारखी होतेय."

तेव्हा ती ओरडली. जीप अर्ध्या तासात आली.

आठ दिवसांनी कोमल टेम्पो घेऊन होडी न्यायला आली. एकटीच. चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, तरी तिनं सांगितलं, "गेला, आज्जी." मग ती पाया पडायला वाकली. "तुम्ही इतकं केलंत त्याचं. असं काही असेल हे कुणाला ठाऊक होतं?"

सुमनबाईनं पाय मागं घेतले.

"मला ठावं होतं. त्या दिवशी चुलीपाशीच. माझा नरसिंग असाच गेला."

कोमल अर्धवट वाकलेली तशीच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"तुमी निघून गेले असते."

कोमल होडीकडे वळली. होडीचं टोक धरून ती एकटीच ओढायला लागली. होडी दगडात अडकली. सुमनबाई दुसरं टोक उचलायला वाकली.

"हात लावू नका," कोमल म्हणाली.