अर्जाची तारीख

त्रिंबक शिंगाडेला निवडणूक अधिकारी नेमलं, तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं होकार भरला. कारखान्यात तो गेज लावायच्या कामावर होता. मशीनवरून आलेला पार्ट गेजमध्ये बसला की पास, नाय बसला की फेल. तो पार्ट मित्राच्या मशीनवरचा आहे का मेव्हण्याच्या, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून बजाजनगरच्या कामगार वाचनालयाची निवडणूक आली, तेव्हा सभेत कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष काकासाहेबांनी तर उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हा पोरगा माझ्या शिफ्टचा हाय," ते म्हणाले. "याच्या हातून वाकडं व्हायचं नाय."

काकासाहेबांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि ते स्वतः सुपरवायझर झाले होते. त्रिंबकाला गावाकडून आणून कारखान्यात चिकटवलं ते त्यांनीच. वाचनालयही त्यांनीच उभं केलं होतं. खोली मिळवली, वीज आणली, गुलमंडीच्या बाजारातून जुनी पुस्तकं पोत्यात भरून स्वतः डोक्यावर वाहिली. दोनशे चौदा सभासद, सात जणांचं मंडळ, दर दोन वर्षांनी मतदान. सगळा कारभार सभासदांचा.

कुरबुर सुरू झाली ती व्हरांड्यातल्या फलकावरून. त्या फलकावर कुणाही सभासदानं आपलं लिहिलेलं लावावं, असा रिवाज होता. कुणी कविता लावी, कुणी कारखान्यातल्या गमती. दिवाळीच्या आधी पुंडलिक साळवेनं एक पान लावलं. पुंडलिक नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायचा, लेथवर काम करायचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याची मागणी सोळा वर्षं लोंबकळते आहे, त्यावर वाचनालयात एकदा खुलेपणानं बोलू या, एवढंच त्यात होतं. दुसऱ्या दिवशी पान फाटलेलं होतं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा फाटलं. तिसऱ्यांदा पान लागलं तेव्हा मंडळानं ठराव केला, की फलकावर काय लागेल ते मंडळ ठरवील. त्यावर पुंडलिकनं अध्यक्षपदाला काकासाहेबांच्या विरोधात अर्ज भरला.

मतदान नऊ जानेवारीला ठरलं. शहरात तेव्हा हवाच तापली होती. नामांतराचा निर्णय आता येणार, अशी बातमी रोज नव्यानं उठायची. नाक्यावर पोलिसांची गाडी कायमची उभी असायची आणि संध्याकाळ झाली की गारखेड्याकडून येणारी बस निम्मी रिकामी धावायची.

मतदारयादी लावायच्या चार दिवस आधी चिटणीस रामकिसन हरकतीचा कागद घेऊन त्रिंबकाच्या घरी आला. रामकिसन काकासाहेबांचा मेव्हणा.

"एकोणीस नावं काढायची," तो उभ्या उभ्या म्हणाला. "वाचनालयाच्या घटनेत लिहिलंय, सभासद होऊन सहा महिने झाल्याबिगर मत नाय. ह्यांना पंचवीस जुलैला मंजुरी भेटली. साडेपाच महिने होत्यात."

त्रिंबकानं नावं वाचली. एकोणीसच्या एकोणीस नाल्यापलीकडची. पुंडलिकच्या सांगण्यावरून जूनमध्ये आलेली.

"अर्ज कवा दिल्ते ह्यांनी?"

"अर्जाचं काय करायचंय? मंजुरी झाली तवा मानूस सभासद होतो. घटना वाच."

रामकिसन गेल्यावर त्रिंबकानं खरंच घटना वाचली. 'सभासद झाल्यापासून सहा महिने.' कधी झाल्यापासून, अर्जापासून का मंजुरीपासून, ते लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर काकासाहेबांनी त्याला चहाला बोलावलं. बशीत चहा ओतत ते शांतपणे बोलले.

"त्रिंबका, मी कुणाच्या वाईटावर नाय. तूच बघ, ती पोरं आमच्या मशीनवर काम करत्यात, मी कुणाला कधी अरे म्हनलं? पर गावात आज ही हवा. त्यांच्या हातात वाचनालय गेलं तर उद्या कुणी दगूड मारंल. पुस्तकं जळतीन. मंग कोण जबाबदार?"

"व्हय काका. पर यादी नियमानं व्हाया पाह्यजे."

"नियमानंच म्हनतोय मी." काकासाहेबांनी बशी खाली ठेवली. "नियम तर तुझ्या बाजूनं हाय. तुला नुस्ती सही करायची हाय."

त्रिंबक घरी आला तो जड डोक्यानं. सही केली तर कुणी त्याला खोटं म्हणू शकत नव्हतं, हेच त्याला खुपत होतं. जेवताना त्यानं काकासाहेबांचं बोलणं घरात सांगितलं. बायको द्वारका वाढता वाढता म्हणाली, "काकासाहेबांनी भाकरी दिली आपल्याला. हे इसरू नका."

"इसरलो नाय."

"मंग?"

त्याला अठ्ठ्याहत्तर साल आठवत होतं. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बाप मल्हारराव मेंढरं घेऊन पुढं, तो मागं. शेजारच्या गावाच्या वरच्या अंगाला आले, तर खाली महारवाड्यातनं धूर निघत होता. बाया ओरडत होत्या. मल्हाररावांनी क्षणभर पाहिलं आणि मेंढरं दुसऱ्या वाटेला वळवली. नंतर मरेपर्यंत त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नाही, आणि त्या गावाच्या बाजूला मेंढरंही नेली नाहीत. त्रिंबकानं एकदा विचारलं होतं, तर ते म्हणाले, "आपन दोघं काय करनार व्हतो?" पण हे म्हणताना त्यांनी पोराकडं पाहिलं नव्हतं.

सकाळी त्यानं वाचनालयातून जुन्या सभांची वही मागवली. रामकिसननं ती द्यायला दोन दिवस लावले. मिळाली तेव्हा त्रिंबक बाकावर बसून एकेक पान उलटत गेला. त्या एकोणीस जणांचे अर्ज तेरा जूनला आलेले. मंजुरीची सभा चार जुलैला होती, ती पुढं ढकलली. मग अकराला, तीही ढकलली. मग पंचवीसला झाली. दोन्ही वेळा कारण एकच, 'अध्यक्ष कामात असल्याने'. हे वाईट होतं, पण यानं नियम काय ते ठरत नव्हतं. तो मागं जात राहिला. एक्क्याण्णव सालच्या पानावर त्याची बोटं थांबली.

त्या पानावर त्याचंच नाव होतं. अर्ज तीस जूनचा. मंजुरी पंचवीस ऑगस्टची. आणि मागच्या वेळचं मतदान झालं बारा जानेवारीला. म्हणजे मंजुरीपासून धरलं तर त्याचे तर साडेचार महिनेच भरत होते. तरी त्यानं मत दिलं होतं, काकासाहेबांना. त्याच्यासारखे आणखी दहा जण होते, आणि त्यात रामकिसनचंही नाव होतं.

त्यानं त्या पानाची नक्कल सुवाच्य अक्षरात केली. दोन जानेवारीला मतदारयादी फलकावर लावली. दोनशे चौदा नावं, एकही कमी नाही. शेजारी ती नक्कल लावली आणि खाली लिहिलं : 'मागील निवडणुकीत अर्जाची तारीख धरली होती. या वेळीही तीच धरली आहे. निवडणूक अधिकारी.'

फलकासमोर गर्दी झाली. कुणी मोठ्यानं वाचत होतं. रामकिसन गर्दीतून वाट काढत आला, त्यानं आपलं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"तू आमच्या मुळावर उठलास," तो त्रिंबकाच्या कानाजवळ येऊन म्हणाला. "नऊ तारखंला बघू."

तो आठवडा त्रिंबकाला वर्षासारखा गेला. कँटीनमध्ये तो बसला की शेजारचे ताट उचलून दुसरीकडं जायचे. काकासाहेब नुसतं मान हलवून पुढं जात. गुरुवारी घराच्या दारावर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं. तो उठायच्या आत द्वारकानं ते पाण्यानं धुऊन काढलं आणि काय होतं ते त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आता माघारी फिरू नका. फिरलात तर त्या लिहिनाऱ्याला बरं वाटंल."

रविवारी आठला मतदान सुरू व्हायचं होतं. त्रिंबक साडेसातलाच मतपत्रिका आणि पत्र्याचा डबा घेऊन पोचला, तर वाचनालयाला कुलूप. किल्ली रामकिसनकडं. आठ वाजले, सव्वाआठ झाले. सभासद जमू लागले. एका बाजूला काकासाहेबांची माणसं, दुसऱ्या बाजूला पुंडलिक आणि ते एकोणीस जण, पांढरेशुभ्र सदरे घालून आलेले. दोहोंच्या मध्ये मोकळी जागा राहिली होती आणि तिथं कुणीच उभं राहत नव्हतं.

मग रामकिसन आला, मागं पाचसहा जण. किल्ली खिशातच ठेवून तो ओरडला, "मतदान रद्द! शहरात वातावरण खराब हाय. दंगा व्हायची भीती हाय. घरी जा सगळे!"

पुंडलिकच्या बाजूनं कुणीतरी शिवी दिली. इकडून दोघं पुढं सरसावले. पुंडलिकनं हात आडवा करून आपल्या माणसांना थोपवलं. त्रिंबकाला वाटलं, आता कुणी एकानं दगड उचलला की संपलं. त्यानं व्हरांड्यातला बाक ओढून मधल्या मोकळ्या जागेत आणला, त्यावर डबा ठेवला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं बोलला.

"मतदान रद्द करायचा अधिकार चिटनीसाला नाय. तो माझ्याकडं हाय, आन मी रद्द केलेलं नाय. खोली बंद असंल तर मतदान इथंच व्हईल."

त्यानं डब्याचं झाकण उघडून तो आडवा धरला, चारी बाजूंनी फिरवून दाखवला. रिकामा. मग फडकं बांधून लाखेचा ठिपका लावला. काडी पेटवताना दोन काड्या विझल्या.

"पहिला कोण?"

कुणीच हललं नाही. जो आधी पुढं येईल त्याच्याकडं सगळ्यांचं लक्ष जाणार होतं. रामकिसन डब्याकडं दोन पावलं आला.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. काकासाहेब उतरले. त्यांनी कुलूप पाहिलं, बाक पाहिला, मेव्हण्याकडं पाहिलं.

"किल्ली आन."

"दाजी, पर..."

"आन म्हनतो ना. काकासाहेबानं कुलूप लावून निवडनूक जिंकली, असं उद्या सगळी वसाहत म्हनंल. मला लोकं मत देत न्हायत काय?"

रामकिसननं किल्ली दिली. काकासाहेबांनी स्वतः दार उघडलं, डबा आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन रांगेत पहिले उभे राहिले. क्षणभरानं पुंडलिक त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या मागं आणखी एक, मग आणखी एक. थोड्या वेळानं रांग पार रस्त्यापर्यंत गेली आणि तिच्यात कोण कुणाचा हे ओळखू येईना.

संध्याकाळी मोजणी झाली. एकशे सत्याऐंशी मतं पडली. दोन बाद. काकासाहेबांना सत्त्याण्णव, पुंडलिकला अठ्ठ्याऐंशी. मंडळाच्या बाकीच्या जागांत पुंडलिकचे तीन जण आले. त्रिंबकानं आकडे दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा वाचले तेव्हा स्वतः काकासाहेबांनाच खरं वाटलं नव्हतं. अंतर नऊच मतांचं होतं. मग कुणी आणलेला हार त्यांनी गळ्यात न घालता हातातच धरला आणि निघून गेले.

बुधवारी त्रिंबकाची बदली झाली. गेजच्या टेबलावरून थेट भट्टीजवळ, ओतकाम विभागात. बदली कुणी केली ते त्याला कळलं नाही. विचारायला गेला तर साहेबांनी नुसतं 'गरज आहे' सांगितलं. काकासाहेबांना विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण गेला नाही. त्यांनी केली असेल तर ऐकवणार नव्हतं, आणि केली नसेल तर विचारल्याचं त्यांना लागलं असतं.

शुक्रवारी संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. नाल्यापलीकडं फटाके वाजले. इकडच्या घरांत दारं लवकर लागली. दंगा मात्र झाला नाही.

पुढच्या रविवारी पुंडलिक त्रिंबकाच्या घरी आला. भट्टीच्या धगीनं त्रिंबकाचे हात भाजले होते, द्वारका त्यावर खोबरेल लावत होती. पुंडलिक दारातच घुटमळला, मग द्वारकानं "आत या भाऊ" म्हटल्यावर चटईवर बसला.

"मंडळाची पहिली बैठक झाली," तो म्हणाला. "फलक पुन्हा सगळ्यांना खुला. चार विरुद्ध तीन. काकासाहेबांनी आमच्या बाजूनं हात वर केला. रामकिसन उठून गेला."

"बरं झालं."

द्वारकानं चहा आणून ठेवला. पुंडलिकनं कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"एक इचारू? राग नका मानू. तुमचं मत कुनाला व्हतं?"

"यादीत नाव असलं तरी निवडनूक अधिकाऱ्याला मत टाकता येत नाय. घटनेत हाय."

"आलं असतं तर?"

त्रिंबकानं तेल लावलेल्या हातांकडं पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं आणि समोरच्याला ते गोडही लागलं असतं.

"काकासाहेबांना," तो म्हणाला. "डोक्यावर पुस्तकं वाह्यली त्यांनी. मी बगितलंय."

द्वारकाचा हात थांबला. पुंडलिक त्याच्याकडं पाहतच राहिला. मग एकदम मोठ्यानं हसला, इतका की कपातला चहा हिंदकळून चटईवर सांडला.

"आन तरी आमची एकोनीस नावं ठिवली?"

"मंग काय," त्रिंबक म्हणाला, "तुमची व्हतीच ती."