फरजानीच्या नावावर

नव्या माणसाला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ऑफिसचे मालक सी मुंजी गिटच्या लॉगला, म्हणजे कामाच्या नोंदवहीला, विचारून ठरवत. कोण किती वेळ खुर्चीत बसलं, कोणी किती बडबड केली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. प्रोग्राममधला कोणता बदल कोणी कधी केला, हे गिट नावानिशी सांगतं. तेवढं त्यांना पुरे. आज विदादची पाळी होती, आणि तिला त्याची मुळीच धास्ती नव्हती. स्फाक्स शहरातलं हे छोटं ऑफिस ऑलिव्हच्या घाण्यांसाठी वजन-पावतीचा प्रोग्राम बनवायचं. या हंगामात त्यातलं निम्मं काम तिनेच ओढलं होतं.

सकाळीच महरेसच्या घाण्यावरून फोन आला. शेजारी बसणाऱ्या अनीसने तो कानापासून हातभर लांब धरला, तरी पलीकडची बोंबाबोंब विदादला ऐकू येत होती. प्रोग्राम ऑलिव्हच्या वजनातून क्रेटचं वजन वजाच करत नव्हता. शेतकरी खूश होते आणि घाणेवाला पिसाळला होता.

"बघतोच कोणाचे उपद्व्याप आहेत," म्हणत अनीसने गिट ब्लेम चालवलं. फाइलमधली कुठली ओळ कोणी लिहिली, ते त्यात कळतं. चुकलेल्या ओळीपुढे फरजानीचं नाव आलं. "घ्या! गडी नोकरी सोडून फ्रान्सला जाऊन बसला तरी पिच्छा सोडत नाही. तिकडून अजून कामात हात घालतोय. मला वाटायचं, किती माया आहे याला ऑफिसची!"

विदादने ती ओळ वाचली. ओळ तिची होती.

"अनीस, हा लॅपटॉप माझ्याआधी कोणाकडे होता रे?"

"फरजानीकडेच. का गं?"

तिने गिट कॉन्फिगला, म्हणजे गिटच्या सेटिंगला, नोंदींवर पडणारं नाव विचारलं. त्याने इमानदारीत फरजानीचं सांगितलं. पहिल्याच दिवशी आपलं नाव घालायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही विसरली होती. वर तिला लॉग एकेका ओळीत बघायची सवय. त्यात कामाचा मथळा दिसतो, माणूस दिसत नाही. म्हणजे हंगामभराचं तिचं सगळं काम एका गेलेल्या माणसाच्या नावावर जमा झालं होतं.

कॉफीचा कप घेऊन सी मुंजी आत आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी लॉगमध्ये तिचं नाव शोधलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

"पोरी, इतके महिने माश्या मारत होतीस का?"

"नाही, सी मुंजी. फरजानी गेल्यानंतरच्या त्याच्या नावावरच्या नोंदी माझ्या आहेत. लॅपटॉपवर त्याचं नाव तसंच राहिलं."

"बरी युक्ती आहे," ते म्हणाले. तिचे कान तापले. अनीसने मात्र तारखा चाळल्या आणि कपाळावर हात मारला.

"खरं बोलतेय ही. हा बदल तर माझ्यासमोर बसून केला होता हिने. मी एक बावळट, त्या फरजानीचं कौतुक करत बसलो!"

सी मुंजी तारखा वाचत खाली सरकले. "काम चांगलं आहे. म्हणजे हे सगळं तुझं." मग ते थांबले. "आणि हे क्रेटचं? महरेसवाला मलाही फोन करतोय. ते तरी फरजानीचं असेल ना?"

ती भयंकर घाबरली होती. हो म्हणणं किती सोपं होतं! त्यांनीच वाट करून दिली होती, आणि अनीस तारखा बघायचं थांबला होता. दूर बसलेल्या फरजानीला कोण विचारायला जाणार होतं?

"तेही माझंच," ती म्हणाली.

सी मुंजींनी कॉफीचा घोट घेतला.

"मग आधी नाव बदल आणि ते निस्तर. तुझं काय करायचं ते मी नंतर लॉगमध्ये बघेन."

तिने नाव बदललं, ओळ दुरुस्त केली, क्रेट घालून आणि काढून वजन तपासलं, मग कमिट करून, म्हणजे नोंद करून, ऑफिसच्या सर्व्हरवर पुश केलं. थोड्या वेळाने सी मुंजींनी पुन्हा तिच्या नावाने लॉग काढला. या वेळी पडद्यावर एक नोंद आली. विदाद कम्मून: क्रेटचं वजन वजा केलं, चूक माझीच होती.

त्यांनी ती वाचली आणि अनीसकडे वळून म्हणाले, "फरजानीला फोन लाव. सकाळपासून त्याच्या नावाने जेवढं बोललास, तेवढं माघारी घे. आणि सांग त्याला, त्याची जागा भरली."