बंधाऱ्याच्या गोण्या

घरटी एक माणूस, असा गावचा शिरस्ता. दिवाळी उरकली की सगळ्यांनी व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात उतरायचं, गोण्यांत वाळू भरायची, एकावर एक रचायच्या आणि डोंगरातून येणारं पाणी अडवायचं. ते अडलं की वाड्यांच्या विहिरी मे अखेरपर्यंत गोड. नाही अडलं, तर समुद्र काय, दिवेआगरच्या ह्या बाजूला विहिरींत शिरायला टपूनच बसलेला!

नीराबाईचा जीव त्या पाण्यातच अडकला होता. चक्रीवादळाने तिची वाडी एका दुपारी आडवी केली. तिने रडत रडत पुन्हा पोफळी लावल्या, मधे जायफळं लावली, वाचलेल्या माडांवर मिरीचे वेल चढवले. पोटच्या पोरासारखं वाढवलं हो सगळं! यंदा पोफळींना पहिली पोय फुटायची होती. पहिला तुरा, पहिली सुपारी.

म्हणून तिने वर्षभर रिकाम्या गोण्या जमवल्या, धुतल्या, फाटक्या होत्या त्या शिवल्या. दिवाळी झाली तशी दारोदार फिरली. पण आता दर दुसऱ्या घरात होमस्टे. "काकी, पाहुणे हायत, ह्या रविवारी न्हाय जमायचं." पुढचा रविवारही तसाच गेला. म्हातारा नामा तेवढा तोंडावर बोलला, "नीरा, आधी तुझ्या घरातला माणूस आण. मग आम्हाला सांग."

ते तिला झोंबलं. खोटं असतं तर भांडली असती.

घरी विपुल, तिचा एकुलता एक, अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. "गिऱ्हाईक सोडून चिखलात उतरू, आई? पाणी कमी पडलं तर टँकर मागवू की."

"पाहुण्यांना टँकर. आणि पोफळींना रं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

ती एकटीच उतरली. गोण्यांची रांग अर्ध्या व्हाळापर्यंतही पोचली नाही, पाणी बाजूने खुशाल निघून गेलं. कंबर धरली तेव्हा उरलेल्या गोण्या तिने पडवीत आणून ठेवल्या. कोणी येईल म्हणून वाट पाहिली. कोणी आलं नाही.

फेब्रुवारीत विहीर मचूळ झाली. तेच पाणी ती शिंपत राहिली, दुसरं आणणार कुठून? पोय आली, तिने हात लावून पाहिली, आणि आठवड्यात ती काळी पडून गळली. पानंही करपली. "मेलं एकदाचं," म्हणत ती विहिरीच्या काठावर ओक्साबोक्शी रडली.

एप्रिलमध्ये विपुलने वाळलेल्या पोफळी तोडल्या. तिथून समुद्राकडे सरळ वाट निघत होती, फक्त उतारावर पायऱ्या हव्या होत्या. पडवीतल्या गोण्या त्याला दिसल्या.

"आई, ह्याच भर की. तुझ्यासारखी गोणी गावात कोणाला भरता येत न्हाय."

नीराबाईने फावडं घेतलं, वाळू भरली, गोणीच्या तोंडाला बंधाऱ्याची पक्की गाठ मारली. शेजारच्या पाहुण्यांनाही तीच वाट सोयीची होती, म्हणून नामाचा मुलगा आला, त्याच्यामागून बाकीचे आले. घरटी एक माणूस आला. दुपारच्या आत पायऱ्या झाल्या.