एका नंबरच्या एक्केचाळीस जणी

आरोग्यसेविका बाईंनी हा घोळ भलेपणानेच घातला होता. वस्तीतल्या कितीतरी बायकांकडे फोन नव्हता, किंवा होता तो नवऱ्याच्या खिशात. नंबर भरल्याशिवाय मोबाइलवरची नोंद पुढे सरकत नसे. मग बाई बिनदिक्कत स्वतःचा नंबर ठोकून द्यायच्या. तपासणीचा निरोप त्या-त्या बाईच्या नावाने यांच्या फोनवर यायचा आणि या चपला घालून तिला सांगायला निघायच्या. अशा एक्केचाळीस जणी होत्या.

सोमवारी आरोग्यसेविकांच्या मोबाइलवरच्या नोंदी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला जोडल्या. दवाखान्याच्या साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि बाईंची घरोघरच्या नोंदींनी फुगलेली वही रद्दीत घातली. बाईंचा जीव तुटला.

गुरुवारी दुपारी दवाखान्यातल्या नोंदणीवाल्याचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"बाई, कमाल केलीत! तुम्हाला साखर, तुम्हाला दमा, आणि वर नववा महिना. या वयात?"

बाईही हसल्या, आणि हसता हसता थबकल्या. यंत्राने माणसं नंबरावरून ओळखली होती. एक्केचाळीस जणींची मिळून एकच बाई झाली होती, तिला नावही बाईंचंच लागलं होतं. जिथे नोंदी जुळेनात तिथे सर्वांत शेवटची तेवढी उरली होती. त्या एक्केचाळिसांत शिलाईवाली होती. मागच्या खेपेला एका साध्या इंजेक्शनाने तिचा घसा सुजून श्वास अडकला होता. आणि आज सकाळीच ती कळा येऊन दवाखान्यात गेली होती.

बाई धावत सुटल्या. प्रसूतीच्या खोलीत शिलाईवाली अर्धवट शुद्धीत होती आणि नर्सच्या हातात भरलेली सुई होती.

"थांबा! तिला ते सोसत नाही!"

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "इथे तर 'कोणत्याही औषधाचा त्रास नाही' असं आहे. आणि नोंद तुम्हीच केलीय."

यंत्रावर खापर फोडणं सोपं होतं. यंत्राला कोण नोकरीवरून काढणार? पण तेवढं समजावत बसायला वेळ नव्हता.

"ती नोंद खोटी आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्या जणींना मी माझाच नंबर घातलाय. लिहून देते हवं तर, पण आधी ती सुई खाली ठेवा हो."

सुई खाली आली. दुसरं औषध दिलं गेलं.

तासाभराने बाईंच्या फोनवर निरोप आला: 'अभिनंदन! तुम्हाला मुलगी झाली.' त्यांनी तो शिलाईवालीला वाचून दाखवला. ती क्षीण हसली. "मग पेढे तुम्हीच वाटा, बाई."

बाहेर साहेब लालबुंद होऊन उभे होते. "तुमचं उद्या बघतो. आधी उरलेल्या चाळीस जणींची माहिती लिहून द्या."

वही कधीच गेली होती. बाई बाकावर बसून एकेक दार आठवू लागल्या. दुकानवालीला दमा, तिच्या जावेला साखर, कोपऱ्यावरच्या मुकीला सहावा महिना. अडतीस झाल्या. दोघी काही केल्या आठवेनात.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. 'उद्या तातडीच्या तपासणीला यावे. चुकवू नये.'

बाईंनी घाईघाईने वर नाव पाहिलं. नाव त्यांचंच होतं; आता एक्केचाळीस जणींचं तेच होतं.