बेल्मोर काउंटीची गणपूर्ती

"आपण निवडणूक हरलो," लोवेलने अध्यक्षांच्या खुर्चीतून जाहीर केलं आणि आर्डिथने ते वहीत लिहून घेतलं. मग तो कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "खोड ते."

"खोडू?"

"अगं, हरलो असं लिहिलं तर वरचे विचारणार, का हरलो. मग कारण शोधत बसा. आपल्याला कारण सापडलं तर त्यांना ते आवडणार नाही."

आर्डिथने पट्टी धरून ओळ खोडली. अशा रीतीने आयोवातल्या बेल्मोर काउंटीपुरती नोव्हेंबरची निवडणूक झालीच नाही. खालच्या ओळीवर थेट जानेवारी सुरू झाला. विषय एक : पुढील राष्ट्राध्यक्षपदासाठी योग्य अशा तीन नावांची यादी.

पक्ष हरला की राज्य कार्यालय प्रत्येक काउंटीच्या समितीकडून अशी यादी मागवत असे. त्या याद्या पुढे कोणी वाचतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. पण समितीचे निदान पाच सभासद हजर असले तरच यादी वैध, आणि लागोपाठ दोन बैठकांत पाच जण जमले नाहीत तर समिती बरखास्त होऊन शेजारच्या टॅगर्ट काउंटीत विलीन, हा नियम मात्र कडक होता. डिसेंबरची बैठक बर्फात बुडाली होती. आज चर्चच्या तळघरात चौघंच होते. अध्यक्ष लोवेल, जो गुरांचा निवृत्त डॉक्टर होता; सचिव आर्डिथ क्लोस्टर, जी अडुसष्टाव्या वर्षीही शाळेची बस चालवायची; आणि बेव्ह आणि बार्ब या जुळ्या बहिणी. या दोघी एकाच घरात राहत आणि तीस वर्षं नेमाने एकमेकींच्या विरुद्ध मतदान करत आल्या होत्या. बाकीच्यांपैकी एक उन्हासाठी ॲरिझोनाला गेला होता, दोघं नातवाच्या जन्माला गेले होते आणि एकजण निकालाच्या रात्री रागाने पक्षातून गेला होता.

पाचवा माणूस तळघरात होता, पण तो चालणार नव्हता. रविवारच्या शाळेच्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकवून, दक्षिणेकडच्या एका राज्याचे गव्हर्नर हॉलिस ट्रेमेन बसले होते. राष्ट्राध्यक्ष व्हायचं मनात असलेले पुढारी आधी आयोवातच येत, कारण पक्षाच्या उमेदवारीसाठीचं पहिलं मतदान इथेच होई.

"मी उमेदवार नाही हं," ते तिसऱ्यांदा म्हणाले. "निवडणुकीला अजून तीन वर्षं दहा महिने आहेत. मी आपला मका बघायला आलोय."

"जानेवारीत?" लोवेलने विचारलं.

"गर्दी कमी असते."

बाहेर दोन फूट बर्फ होता. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

"काल टॅगर्टला होतो," गव्हर्नर नम्रपणे म्हणाले. "सत्तर माणसं होती."

यावर मात्र कोणी मान डोलावली नाही.

"मग साहेबांनाच पाचवे धरू या की," बेव्ह म्हणाली.

"माझा विरोध," बार्ब म्हणाली.

"ते दुसऱ्या राज्याचे आहेत, बायांनो," लोवेलने हात टेकले. "संपलं. पुढच्या महिन्यापासून आपण टॅगर्टकर."

आर्डिथने पेनाचं टोपण लावलं. "ऑर्विल आहेत ना," ती म्हणाली.

समितीचे जुने सभासद ऑर्विल यूल त्र्याण्णव वर्षांचे होते आणि सप्टेंबरपासून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून होते.

"वेडी आहेस का? उणे वीसमध्ये त्याला इथं आणलंस तर कोरमऐवजी अंत्यविधी होईल."

"त्यांना कुठे आणायचंय? आपण जायचं. बैठक कुठे भरवायची हे नियमात कुठेच नाहीये."

लोवेलने नियमावली चाळली. खरंच नव्हतं.

बार्बने बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं शालीत गुंडाळलं आणि समिती आर्डिथच्या जुन्या व्हॅनमध्ये बसली. गव्हर्नरांची भाड्याची गाडी बर्फात रुतल्यामुळे तेही पुढच्या सीटवर आले.

"पट्टा," आर्डिथ म्हणाली. "आणि मागे वळून बोलायचं नाही."

गव्हर्नरांनी पट्टा लावला. तीन मैल ते समोर बघत गप्प बसले. मग त्यांना राहवलं नाही.

"बाई, राग मानू नका, पण टॅगर्टमध्ये गेलात तर बिघडेल काय? माणसं चांगली आहेत तिथली. हॉलला हीटर आहे."

"त्यांची बैठक गुरुवारी असते," आर्डिथ म्हणाली.

गव्हर्नर पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं.

म्हणजे होतं, पण ते बावीस वर्षं जुनं होतं. तिचा नवरा जीन गेला त्याला दोन महिने झाले होते. सकाळी बस, दुपारी बस. तोवर ठीक असे. संध्याकाळी मात्र घर एवढं मोठं व्हायचं की ती स्वयंपाकघरातच बसून राहायची. अशा एका मंगळवारी ऑर्विल पक्षाचं पत्रक घेऊन दारात उभे राहिले. आत डोकावून त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, सवयीने. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. "आमच्याकडे सचिव नाही," एवढंच म्हणाले. "इतिवृत्त लिहायला कोणी तरी हवंय. फार अडलंय हो."

ती गेली. औपचारिक बैठक महिन्यातून एकदाच असे, पण ती सचिव झाल्यावर ऑर्विलकडे दर मंगळवारी काही ना काही तातडीचं काम निघू लागलं. तळघरातल्या पडद्यांच्या रंगावर समितीने सात मंगळवार चर्चा केली. पडदे लावले नाहीत, कारण तळघराला खिडकी नव्हती.

वर्षभराने मागची वही चाळताना तिला ते पान सापडलं. ती येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सचिव होते ऑर्विल यूल. त्यांच्या राजीनाम्याचं पत्र तिथे चिकटवलेलं होतं. "माझे हस्ताक्षर अलीकडे वाचता न येण्याजोगे झाल्यामुळे मी पद सोडत आहे." अक्षर इतकं सुरेख होतं की शाळेच्या फळ्यावर नमुना म्हणून लावावं. ती हे कोणाला बोलली नाही, त्यांना तर नाहीच. आधी लाज वाटली, मग सवय झाली, आणि असं करता करता एकवीस वर्षं गेली.

ऑर्विल उशांना टेकून हवामानाच्या बातम्या बघत होते. दारात समिती पाहून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"कोण मेलं?"

"कोणी नाही. बैठक आहे," लोवेल म्हणाला. "ऑर्विल यूल?"

"हजर. दुसरीकडे कुठे असणार?"

"कोरम झाला!" लोवेलने पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवला. परिचारिकेने येऊन चमचा काढून घेतला आणि कॅसरोल गरम करायला नेलं.

चर्चा सुरू झाली. भविष्यात पक्षाला माणसं आहेत का, यावर अध्यक्षांचं मत असं पडलं, की माणसं आहेत पण ती बघवत नाहीत. बेव्हने एका सिनेटरचं नाव सुचवलं.

"तो? गेल्या खेपेला माझा ॲपल पाय नुसता चिवडून ठेवला त्याने," बार्ब म्हणाली. "फोटो निघाला आणि काटा खाली ठेवला. माझा विरोध."

"मग त्या पश्चिमेकडच्या बाई?"

"तिची मला तीन पत्रं आली," लोवेल म्हणाला. "तिन्हीवर 'प्रिय रॉबर्ट'. मी दोन पत्रांना उत्तर दिलं. नाही तर वाईट वाटलं असतं तिला."

तरी तीन नावं घालायचीच होती. एक त्या बाईंचं घातलं आणि दुसरं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून, गव्हर्नर ट्रेमेन यांचं. गव्हर्नरांनी छातीवर हात ठेवला, आणि आपण उमेदवार नसल्याचं पुन्हा सांगितलं.

"झोपला," बार्ब अचानक म्हणाली. ऑर्विलची मान कलली होती. "कोरम गेला."

लोवेलने खिशातून नियमावली काढली. "'हजर' असं आहे. 'जागा' असं नाहीये. तसं असतं तर सिनेट कधीच भरलं नसतं."

ऑर्विलच्या पायावरचं पांघरूण घसरलं होतं. गव्हर्नरांनी वाकून ते नीट केलं आणि पायाखाली खोचलं. फोटो काढायला कोणी नव्हतं, आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलंही नाही. आर्डिथला तो माणूस तेवढ्यापुरता आवडला.

"तिसरं नाव आर्डिथचं घाला," ऑर्विल डोळे न उघडता म्हणाले.

बेव्ह आणि बार्ब एकदमच आर्डिथकडे वळल्या.

"ऑर्विल, हे राष्ट्राध्यक्षपदासाठी आहे," आर्डिथ म्हणाली.

"बहिरा नाही मी, पोरी. एकतीस वर्षं बस चालवतेयस. एक तरी मूल रस्त्यात विसरलीस?"

"नाही, पण..."

"बर्फात उशीर?"

"दोनदा."

"दोनदा," ऑर्विलनी गव्हर्नरांना सांगितलं. "तुमचं काय?"

"ही कसोटी मला आजवर कोणी लावली नव्हती," गव्हर्नर कबुलीच्या सुरात म्हणाले.

ठराव मतास टाकण्यात आला. लोवेलचा हात वर गेला. ऑर्विलनी पांघरुणातून दोन बोटं वर केली. बेव्हला वाटलं, आर्डिथ गेली तर बस कोण चालवणार, म्हणून तिने हात वर केला नाही; म्हणून बार्बने केला. तीन विरुद्ध एक. श्रीमती क्लोस्टर इतिवृत्त लिहिण्यात गुंतल्या असल्याने तटस्थ राहिल्या, असं श्रीमती क्लोस्टर यांनी वहीत लिहिलं.

मग सगळ्यांनी कॅसरोल खाल्लं. गव्हर्नरांनी दोनदा घेतलं, आणि बार्बने ते मोजलं.

निघताना आर्डिथ मागे राहिली. बाकीचे व्हॅनच्या काचांवरचा बर्फ खरवडायला गेले होते. तिने पलंगाशेजारची खुर्ची ओढली.

"ऑर्विल, तुमचं अक्षर कधीच बिघडलं नव्हतं."

ते मुक्या टीव्हीवरच्या नकाशाकडे बघू लागले.

"फार बिघडलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टर घाबरले होते."

"थँक यू."

"कशाबद्दल गं?"

"मंगळवारबद्दल."

"तो तर दर आठवड्याला येतोच," ऑर्विल म्हणाले. "मी फक्त दार वाजवलं." आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. खाली लोवेलने दोनदा हॉर्न वाजवला, तरी सोडला नाही.

यादी पोचली. राज्य कार्यालयाकडून पोच आली, 'प्रिय आर्डिथ क्लोस्टर (उमेदवार)' अशा मायन्याची, सोबत देणगीचा फॉर्म. गव्हर्नर ट्रेमेन यांनी स्वतःच्या हाताने कार्ड पाठवलं. 'सन्माननीय प्रतिस्पर्ध्यास,' त्यात लिहिलं होतं, 'मका फार सुंदर होता.'

ऑर्विल फेब्रुवारीत गेले, झोपेत. त्या मंगळवारी पाच वाजता चौघं तळघरात जमले. लोवेलने हजेरी घेतली, पाचव्या नावापाशी थांबला आणि चष्मा पुसत बसला. कोणी घाई केली नाही. आर्डिथने वहीतून एक कोरं पान काढलं आणि सावकाश, तिला जमेल तितक्या सुरेख अक्षरात पत्र लिहिलं.

प्रति, मा. कार्यवाह, राज्य समिती.

विषय : गणपूर्तीच्या नियमात सवलत मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या समितीचे ज्येष्ठ सभासद श्री. ऑर्विल यूल हे दि. ११ रोजी पहाटे निधन पावले. या कारणास्तव त्यांचे सभासदत्व रद्द करण्यात येऊ नये. त्यांच्याविरुद्ध गैरहजेरीची कोणतीही पूर्वीची तक्रार नाही. तरी यापुढे दर मंगळवारी सायंकाळी पाच वाजता त्यांना हजर धरण्यास कायमस्वरूपी मान्यता द्यावी, आणि तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.