काढायचे पैसे नाहीत, बघायचे आहेत

आधीच सांगून ठेवते, परत दाखवायला गेल्यावर डॉक्टरनं पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही. घ्या, नका घेऊ, तुमचं तुम्ही बघा. पण या एका प्रश्नापायी एक माणूस स्वतःचा उजवा हात घालवायला निघाला होता, आणि तो माणूस माझा नवरा होता, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

आमच्या ह्यांचं सलून आहे. खुर्च्या दोन, आरसा भिंतभर, आणि कात्री चालवणारा हात एकच, ह्यांचा उजवा. त्या हातावर घर चालतं. तर तो हात ह्यांनी मोडून घेतला. कसा ते ऐका. गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीवर उभे राहून दिवा बदलायला गेले, आणि दिवा फिरवायचा सोडून स्वतःच फिरले. मी खालून "अहो, स्टूल घ्या, स्टूल घ्या" म्हणून ओरडत होते. "मला शिकवू नकोस" हे उभ्यानं बोललेलं ह्यांचं शेवटचं वाक्य. त्यापुढचं जमिनीवरून आलं, ते मी इथं सांगत नाही.

रस्त्याच्या पलीकडंच डॉक्टरभाऊजींचा दवाखाना आहे. ते ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. एका बाकावर बसून एकमेकांचं बघून लिहायचे, त्यामुळं दोघांच्या चुकाही सारख्याच यायच्या. भाऊजींनी हाड बसवलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "ठरल्या दिवशी काढायला ये. जास्त दिवस ठेवलंस तर मनगट आखडेल, मग कात्री धरायची पंचाईत होईल." मी ते सगळं नीट ऐकलं. ह्यांनी फक्त "ये" एवढंच ऐकलं.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो, तर दारावर नवी कोरी पाटी. परत दाखवायला येणाऱ्यांनाही तपासणीचे पैसे पडतील.

आता खरं सांगू का? ती पाटी ह्यांच्याचमुळं लागली होती. आधी भाऊजी परत दाखवायचं काही घेत नसत, आणि फुकट ते पौष्टिक हे आमच्या घरातलं पहिलं तत्त्व. ह्यांना कधीकाळी एकदा खोकला झाला होता. तो चार दिवसांत बरा झाला, पण "त्याचंच पुढचं आहे" म्हणून हे वर्षानुवर्षं परत दाखवत राहिले. एकदा खोकल्याबरोबर सासूबाईंना घेऊन गेले. म्हणे, "मी खोकलो की आई दचकून उठते, आणि उठलं की तिचा गुडघा दुखतो. म्हणजे मूळ खोकलाच." दुसऱ्या वेळी शेजारच्या बेकरीवाल्याचा कान नेला. भाऊजी बिचारे सगळं बघायचे. बाहेर पैसे भरून बसलेले लोक मात्र ताटकळायचे, आणि एक दिवस भाऊजींचा संयम संपला.

आता हे आत जाऊन बसले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"मीसुद्धा पैसे द्यायचे?"

"तूच द्यायचेस," भाऊजी म्हणाले. "बाकीच्यांचं एक वेळ बघू."

"अरे, मी केस कापतो आणि मग मानेवरचे झाडतो. झाडायचे वेगळे घेतो का? घरी गेल्यावर कुणाच्या कानामागं बट राहिलेली दिसली, तर आठवडाभर दुरुस्ती फुकट असते माझ्याकडे."

"बट राहिली ती तुझी चूक. इथं माझं काय चुकलंय? खुर्चीवर मी चढलो होतो का?"

"प्लास्टर तू घातलंस ना? मग ज्यानं घातलं त्यानं काढायचं."

"अरे बाबा, काढायचे पैसे नाहीच घेत मी. बघायचे घेतो. हाड जुळलं का, मनगट किती वळतंय, ते बघायचे."

"मग बघू नकोस! डोळे मीट आणि काढ!"

"न बघता मी काढत नसतो!"

"आणि न काढता मी पैसे देत नसतो!"

मी गुपचूप पर्स उघडली. "मी देते भाऊजी, संपवा एकदाचं." तर हे माझ्यावरच खेकसले, "खबरदार! हा तत्त्वाचा प्रश्न आहे." भाऊजीही लगेच म्हणाले, "बरोबर आहे वहिनी, तत्त्वाचाच आहे." झालं. पुरुषानं तत्त्व हा शब्द काढला की समजावं, पुढं अक्कल लागणारं काही घडणार नाही. हे प्लास्टरसकट ताडताड घरी आले.

मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. "तो पहिल्या भेटीचे पूर्ण घेईल," हे म्हणाले, "आणि मित्र सोडून मी परक्याकडे जाऊ? तसला माणूस वाटलो तुला?" दोन्ही एकाच दमात बोलले.

मग सुरू झाली खाज. प्लास्टरच्या आत हात पोचेना, म्हणून ह्यांनी सलूनमधला शेपटीचा कंगवा आत घातला. शेपटी गेली, कंगवा अडकला. ओढून निघेना, ढकलून जाईना. हे तसेच गावभर फिरायला लागले, कोपराजवळून कंगव्याचे दात बाहेर. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हत्यार जवळ असलेलं बरं." डाव्या हातानं कापून बघितलं, तर शाळेचे हेडमास्तर एका बाजूचा कल्ला कानाच्या वर आणि दुसरा कानाच्या खाली घेऊन घरी गेले. त्यानंतर लोक आमच्या दारावरून जाताना चालायचा वेग वाढवायला लागले.

तुम्ही हसा. मीही हसायचे, पण हसता हसता ह्यांच्या बोटांकडं बघायचे. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं दिवसेंदिवस ताठ दिसायला लागली होती. "जरा मूठ मिटा बघू," म्हटलं की हे म्हणायचे, "आत्ता नको, कंटाळा आलाय." मूठ मिटायचा कंटाळा कधी कुणाला आलेला ऐकलाय तुम्ही? मला भीती वाटायला लागली. हा हात गेला तर आम्ही खायचं काय, आणि ह्यांनी दिवसभर करायचं काय?

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथं तर सुंभ दोन होते. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसा आधी अडला तो डॉक्टर. भाऊजी दर महिन्याला आमच्याकडे केसांना आणि मिशीला काळा रंग लावून घेतात. शटर अर्धं खाली ओढून. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत आहे, आणि ती कुणालाच माहीत नाही हे फक्त भाऊजींना माहीत आहे. मुळं पांढरी दिसायला लागली, तसे ते एका दुपारी वाकून शटरखालून आत आले.

"मी डॉक्टर म्हणून आलेलो नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणून आलोय. रोख पैसे देतो."

"या, बसा," हे म्हणाले. इतकं गोड बोलले की मला तिथंच संशय आला.

ह्यांनी डाव्या हातानं रंग लावला. केसांना लागला, मिशीला लागला, कानांना लागला आणि कपाळावर तर इतका जाड थर बसला की भाऊजींच्या भुवया त्यात दिसेनाशा झाल्या. पैसे घेतले, गल्ल्यात टाकले आणि हे वर्तमानपत्र वाचायला बसले. पहिलं पान झालं. खेळाचं पान झालं. हे शब्दकोड्याला लागले.

"अरे, धू आता," भाऊजी म्हणाले.

"धुवायचे पैसे नाहीच घेत मी," हे म्हणाले.

"मग धू ना!"

"पण धुवायच्या आधी रंग चढला का ते बघावं लागतं. बघायचे पडतील."

मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजी आरशातून ह्यांच्याकडं बघत राहिले. कपाळाची आग व्हायला लागली असणार, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण माणूस हटेना. "एक पैसा देणार नाही!" म्हणत उठले, गळ्यातल्या फडक्यासकट शटरला डोकं आपटून बाहेर पडले आणि भर दुपारी रस्ता ओलांडून दवाखान्यात घुसले. बाहेरच्या बाकावर पेशंट भरले होते. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच आधी कुणाला तरी दाखवून या, आम्ही थांबतो."

साबण लावून लावून रंग केसांतून गेला, कपाळावरून गेला नाही. हे दिवसभर खुशीत शीळ घालत होते. मी बोलणंच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलूनमध्ये झाडायला गेले, तर हे आरशासमोर उभे. प्लास्टरमधल्या बोटांत कात्री अडकवायचा प्रयत्न चालला होता. कात्री पडली. उचलली, परत पडली. मला बघून म्हणाले, "बोटं माझीच आहेत गं. पण ऐकत नाहीत." एवढंच. ना तत्त्व, ना ओरडणं. मी झाडू टाकला, ह्यांचा चांगला हात धरला आणि कंगव्यासकट ह्यांना रस्त्यापलीकडं ओढत नेलं.

भाऊजी टेबलापाशी बसून कपाळावर लिंबाची फोड घासत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले. "लाज वाटते का दोघांना? एकाचं कपाळ काळं, एकाच्या कोपराला कंगवा! भाऊजी, तुमचे पैसे मी देते. अहो, तुम्ही तोंडातून शब्द काढलात तर मी माहेरी जाईन. आणि तुम्ही भाऊजी, शब्द काढलात तर मी सासूबाईंना इथं रोज पाठवीन, खोकल्याशिवाय."

भाऊजींनी गोल पात्याचं यंत्र काढलं आणि घरघर करत प्लास्टर कापलं. कंगवा खाली पडला. पाठोपाठ एक पेन्सिल, दोन हेअरपिना आणि माझी विणायची सुई पडली, जी मी महिनाभर शोधत होते. आतून हात निघाला तो बारीक, फिकट, ह्यांचा वाटेचना.

"मूठ मिट," भाऊजी म्हणाले.

बोटं निम्म्यावर आली आणि थांबली.

"आणखी."

"एवढीच येतेय."

भाऊजींनी मनगट हळूच इकडं वळवलं, तिकडं वळवलं. एकेक बोट दाबून बघितलं. मग हात खाली ठेवला आणि नुसतं "हं" म्हणाले. हे डाव्या हातानं खिसा चाचपायला लागले. नोट काढली, टेबलावर ठेवली. "घे. बघितलंस ना? बघायचे घे."

भाऊजींनी ह्यांच्या त्या वाळक्या हाताकडं बघितलं. आवाज एकदम मऊ झाला. "राहू दे रे," ते म्हणाले. "तुझ्याकडून नको."

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "का नको?"

"अरे, नको म्हटलं ना. ठेव खिशात."

"गेला," हे माझ्याकडं वळून म्हणाले. "हात गेला माझा. माझ्या वडलांच्या वेळी शेवटच्या खेपेला हा असंच म्हणाला होता. 'राहू द्या काका, औषधाचेही पैसे नकोत.' मी किती खूश झालो होतो तेव्हा. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, बघा, मित्र असावा तर असा."

भाऊजी आ वासून ह्यांच्याकडं बघत होते. काळ्या कपाळाखालचे त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग भरून आले. आणि मग त्यांनी टेबलावर अशी जोरात थाप मारली की लिंबू उडून खाली पडलं.

"इकडं आण ती नोट!" ते गरजले. "आण! आणि ही पुरायची नाही. उशिरा आलास, मनगट आखडवून आलास, माझा त्रास वाढवलास, त्याचे जास्त पडतील!"

"किती जास्त?" ह्यांनी घाईघाईनं विचारलं.

"दुप्पट! आणि उद्या परत यायचं. रोज यायचं. मी मनगट वाकवणार, तू बोंब मारणार, आणि प्रत्येक खेपेचे पैसे मोजून घेणार मी, एक खेप सोडणार नाही!"

"म्हणजे कात्री धरता येईल?"

"न यायला काय धाड भरलीय? महिन्याभरात माझे केस कापशील. काही होण्यासारखं नसतं तर फुकट्या, तुझ्याकडून पैसे घेतले असते का मी?"

ह्यांनी दुसरी नोट काढली. मग तिसरीही काढली. "उद्याचे आत्ताच घे ना," म्हणून भाऊजींच्या मागं लागले, आणि रडायलाच लागले. भाऊजी नाक ओढत गल्ल्याचं कुलूप उघडत होते, आणि मी खाली वाकून सुई शोधल्यासारखं करत होते, कारण मलाही रडू आवरेना.

बाहेर पडताना हे बाकावर बसलेल्या एकेका पेशंटसमोर थांबले. तो फिकट हात उंच करून प्रत्येकाला सांगत होते, "माझ्याकडून पैसे घेतले बरं का डॉक्टरनं! पूर्ण घेतले! दुप्पट!"