तणबाबांचं पाणी आणि घरची मोहरी

बाजारामागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मोहरीचा एक वाफा होता. त्यावर तणबाबांनी आठ दिवसांपूर्वी झारीतून मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं. आता सगळं तण वाळून गेलं होतं आणि मोहरी तेवढी तरारून उभी होती. पापी होतं ते गेलं, पुण्यवान होतं ते राहिलं, असं बाबा सांगत होते. गवताने कधी आणि काय पाप केलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. माझ्याकडचं बी आणि पाणी जोडीनेच विकत घ्या आणि जोडीनेच वापरा, हे मात्र बाबा पुन्हा पुन्हा बजावत होते.

माझा थोरला भाऊ पक्का चिक्कू. त्याने नुसती पाण्याची बाटली मिळवली. बी घरचं आणि पाणी बाबांचं, असा त्याचा बेत. उद्याच तो ते आमच्या सगळ्या मोहरीवर मारणार होता आणि त्या मोहरीवरच आमचं वर्ष निघतं. मी शेतीच्या औषधांच्या दुकानात बसणारा माणूस. बाटलीचं बूच उघडताच ओळखीच्या वासाने मला संशय आला आणि मी वहिनीला हाक मारली.

वहिनी परवाना कचेरीत कामाला आहे. प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं बियाणं शेतात नेण्याआधी तिथे अर्ज करावा लागतो, आणि वहिनी अर्जदाराला प्रश्न विचारून घाम फोडते. तिने घरीही कचेरीचीच रीत लावली. चार ट्रे घेतले. दोनांत आमची रोपं लावली, दोनांत शेजाऱ्याने बाबांच्या बियाण्यातून वाढवलेली. दोन्ही जातींच्या एकेका ट्रेवर बाबांचं पाणी मारलं, उरलेल्या दोनांवर दुकानातलं साधं तणनाशक.

"आठ दिवस थांबा," ती दादाला म्हणाली, "नाहीतर आजपासून स्वयंपाक तुमच्याकडे."

दादा थांबला.

आठव्या दिवशी आमची मोहरी दोन्ही ट्रेंत मेलेली होती आणि बाबांची दोन्हींत टवटवीत होती. दादाने बाटलीचं बूच घट्ट लावलं. सगळं शेत गेलं असतं, एवढंच तो बोलला.

आम्ही चारही ट्रे मैदानात नेले. वहिनीने बाबांना विचारलं, मंत्र नसलेल्या तणनाशकाखालीही तुमची मोहरी जगली कशी? आणि तुमच्या पाण्याने आमची का मेली? तुमची श्रद्धा कमी पडली, असं बाबा म्हणाले.

"माझी की मोहरीची?" वहिनीने विचारलं, आणि मैदान हसलं.

पाणी म्हणजे तणनाशक आणि बी म्हणजे ते पचवणारं, प्रयोगशाळेतलं बियाणं, हे तिने उलगडून सांगितलं. तेवढ्यात गर्दीतल्या सुताराने विचारलं, काम तर होतंय, मग बिघडलं कुठे? प्रश्न रास्त होता.

"याचे परागकण बांधावरच्या रानमोहरीत गेले, तर उद्या ते तण कशाने मारणार?" वहिनी म्हणाली. "मधमाश्यांचं काय, खाणाऱ्यांचं काय? बियाणं चांगलंही असेल. पण ते मला माहीत नाही आणि यांनाही नाही. म्हणून आधी तपासायचं, मग परवाना द्यायचा."

दादा पुढे झाला. "बाबा, परवाना दाखवा."

परवाना वरून मिळालाय, असं म्हणत बाबांनी आकाशाकडे बोट केलं.

"मग तिथला शिक्का दाखवा," दादा म्हणाला.

शिक्का निघाला नाही. वहिनीच्या कचेरीने पिशव्या जप्त केल्या आणि रानमोहरीचे नमुने तपासायला नेले. आमची मोहरी शेतातच सुखरूप पिकली.

नव्या बियाण्याला घाबरू नका आणि त्याला हातही जोडू नका. कुणी तपासलं, कसं तपासलं, एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बाटलीचं बूच लावून ठेवा.